इंधनाची गाळणी आणि घरचे हात

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता इतका क्षीण होत जातो, की खटाव तालुक्यातील औंध गावी पोहोचेपर्यंत त्याचा आकडा वीस-पंचवीस इंचांच्या घरात उतरतो. आणि जेथे पाऊस कमी तेथे धूळ मुबलक, हा या पठाराचा जुना शिरस्ता आहे. रहिमतपूर मागे टाकून औंधाच्या यमाईदेवीच्या डोंगराच्या रोखाने निघालेल्या मोटारीच्या काचेवर आणि टपावर बसलेली धूळ डोळ्यांना दिसते, सबब तिचा बंदोबस्त पाण्याची एक बादली आणि एक फडके यांनी होऊन जातो. परंतु याच धुळीचा एक अत्यल्प अंश, टाकीच्या आतील गंज, पिंपातून डब्यात आणि डब्यातून टाकीत ओतताना आलेला गाळ आणि दमट हवेतून टाकीच्या भिंतींवर निथळलेले पाणी, ही सारी मंडळी इंधनाबरोबर इंजिनाकडे निघालेली असतात. आणि त्यांना वाटेत अडविण्याचे काम ज्या लहानशा डब्याकडे सोपविलेले असते, त्याची आठवण मालकाला बहुधा तो डबा तुंबल्यावरच होते. प्रस्तुत प्रकरणात या डब्याचा, म्हणजे इंधनाच्या फिल्टरचा, आणि तो घरच्या अंगणात स्वहस्ते बदलण्याच्या कृतीचा विचार करावयाचा आहे. तसेच कोणत्या मोटारीच्या बाबतीत ही कृती घरी मुळीच करू नये याचाही, कारण माझ्या मते या विषयातील निम्मे शहाणपण तेवढ्यातच आहे.

यंत्राला घरचा हात लागणे ही गोष्ट या मुलखाला नवी नाही. औंध हे बहात्तर गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले, लहानसे संस्थान होते. परंतु बेळगावातून कारखाना हलविण्याची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर जागा देऊन संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करवाडी वसविण्यास हातभार लावला, आणि तेथून निघालेल्या लोखंडी नांगरांनी व कडबा कापण्याच्या यंत्रांनी दख्खनच्या शेतकऱ्याला नट, बोल्ट आणि पाना यांच्याशी ओळख करून दिली. तिकडे सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना नांगरांवरून तेलाच्या इंजिनांकडे वळला. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही संस्था निघाली. आणि विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन बसविण्याची प्रथा हळूहळू गावोगाव रूढ झाली. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली औंधात जी स्वराज्याची घटना अमलात आली, तिच्यासाठी खपणाऱ्यांत मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत्-कारखान्याचा कारभार पाहिलेला अभियंता होता, ही हकीकत मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. गावाचा कारभार गावाने पाहावा आणि आपल्या यंत्राची निगा आपण राखावी, या दोन विचारांत फारसे अंतर नाही. विहिरीवरच्या इंजिनाशेजारी वाढलेल्या पिढीला डिझेल यंत्राचे जे व्यवहारज्ञान आपसूक मिळाले, तेच या प्रकरणाचे भांडवल आहे, आणि ते वाचकाच्या हाती देताना मी शहरातल्या गॅरेजपेक्षा खटाव-माणच्या मळ्यांचा अधिक ऋणी आहे.

आता प्रथम या गाळणीची आवश्यकता पाहू. पिण्याचे पाणी फडक्यातून गाळून घेणाऱ्या आपल्या आज्यांना पाण्यातील केरकचरा तेवढा काढावयाचा असे. डिझेल इंजिनाची मागणी त्याहून कितीतरी कठोर आहे. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हा त्यात इंधन दाबाखालील हवेच्या झोताने आत फवारले जाई, आणि त्या हवेसाठी लागणारे अवजड साहित्य मोटारीवर वाहून नेणे अशक्यप्राय होते. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून इंधन थेट दाबून फवारणारा छोटा पंप मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून डिझेलला रस्ता मोकळा झाला. मात्र त्याबरोबरच इंधनाच्या शुद्धतेचा प्रश्न अतिशय नाजूक होऊन बसला. या पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील अंतर अवघे दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे धुळीच्या ज्या कणाला आपण कण म्हणावयासही तयार होणार नाही, तो कण त्या पंपाच्या दृष्टीने किती मोठा दगड असेल याची कल्पना येते. शिवाय पंपाला स्वतंत्र वंगण नसून वाहते डिझेल हेच त्याचे वंगण असते (काही जुन्या पंपांच्या खालच्या भागात इंजिनाचे तेल खेळते, पण दट्ट्यांना आधार डिझेलचाच), त्यामुळे डिझेलबरोबर पाणी आले तर पंप एकाच वेळी कोरडाही पडतो आणि गंजूही लागतो. या आक्रमणाविरुद्ध फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेल्या विशिष्ट कागदाची एक गुंडाळी असते. घड्या अशासाठी, की लहान जागेत गाळण्यास मोठे क्षेत्रफळ मिळावे. आणि डब्याच्या तळाशी पाणी साचण्यासाठी थोडी जागा व ते सोडून देण्यासाठी एक तोटी किंवा बूच असते.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे, कारण औंधासारख्या कोरड्या गावी राहणाऱ्यास ते धोक्याचे वाटत नाही. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प निथळते, आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढू लागतात, आणि त्यांच्यापासून तयार होणारा काळसर बुळबुळीत गाळ फिल्टरचा कागद धुळीपेक्षाही लवकर बुजवितो. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी आणि एरव्ही महिनोन् महिने गोठ्याशेजारी उभी असणारी जीप या व्याधीला विशेष बळी पडते. तिची टाकी भरलेली ठेवणे हा त्यावर साधा उपाय आहे. पेट्रोलच्या गाडीची तऱ्हा निराळी. कृष्णाकाठच्या उसापासून डिस्टिलरीत बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ते थोडे पाणी आपल्यात सामावून घेते खरे, परंतु पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात व तळाशी उतरतात. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळही इथेनॉल सोडवून आणते, आणि त्यामुळे जुन्या गाडीचा फिल्टर पूर्वीच्या मुदतीपेक्षा लवकर भरला तर आश्चर्य मानू नये.

फिल्टर तुंबल्याची लक्षणे चढावर सर्वांत स्पष्ट दिसतात. सपाटीवर निमूटपणे धावणारी गाडी औंधाच्या डोंगरावरील श्री भवानी संग्रहालयाकडे जाणारा चढ चढू लागली, की मध्येच दम टाकते, झटके मारते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही. कारण चढावर इंजिनाची इंधनाची मागणी वाढते आणि बुजलेल्या कागदातून तेवढा पुरवठा होऊ शकत नाही. सकाळी गाडी सुरू होण्यास विलंब लागणे हे दुसरे लक्षण. मात्र ते बॅटरीपासून ग्लो प्लगपर्यंत अनेक कारणांनी उद्भवते, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नये. खरे म्हणजे लक्षणांची वाट पाहणे हीच हयगय आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलावा हे छापलेले असते, आणि धुळीच्या प्रदेशात त्या आकड्याच्या अलीकडेच थांबणे श्रेयस्कर.

कोणत्या गाडीचा फिल्टर घरी बदलावा? ज्यांचा पंप शुद्ध यांत्रिक आहे अशा जुन्या डिझेल गाड्या, उदाहरणार्थ महिंद्राच्या जुन्या जीपा, आरंभीच्या वर्षांतील बोलेरो आणि १९९८ च्या अखेरीस लोकांपुढे आलेली टाटा इंडिका, या गृहस्थाच्या आवाक्यातल्या आहेत. पुढील कृती मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि वारा सुटण्यापूर्वी हाती घ्यावे. दुपारच्या वावटळीत उघडा फिल्टर ठेवणे म्हणजे ज्या शत्रूविरुद्ध ही सारी तजवीज, त्यालाच घरात बोलावणे होय. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांखाली दगड लावावेत आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. त्यानंतर पाना हाती न घेता प्रथम फिल्टर, त्याचे डोके आणि त्याला येऊन मिळणाऱ्या नळ्या बाहेरून स्वच्छ पुसून घ्याव्यात, आणि त्यासाठी धागे सुटणारी चिंधी न वापरता धुतलेले सुती फडके वापरावे. हे पुसण्याचे काम उतावळ्या माणसाला निरर्थक वाटते. माझ्या मते सगळ्या कामात याहून महत्त्वाचा भाग दुसरा नाही, कारण फिल्टरच्या पुढची बाजू उघडी असताना आत पडलेला कण अडविणारे पुढे कोणीच नसते. मग खाली एक परात ठेवून तळाचे बूच सैल करावे आणि आतील डिझेल तीत उतरू द्यावे. हे डिझेल टाकून देण्याची घाई करू नये. ते पारदर्शक काचेच्या बरणीत ओतून तासभर स्थिर ठेवले, तर तळाशी बसलेले पाणी, तांबूस गंज किंवा काळा बुळबुळीत गाळ वेगवेगळा दिसतो, आणि त्यावरून टाकीची प्रकृती कळते: थोडी माती असेल तर फिल्टरने आपले काम चोख बजावले, पाणी बरेच असेल तर टाकीच धुवून घेण्याची वेळ आली आहे, गंज असेल तर नुसता नवा फिल्टर बसवून फार दिवस निभावणार नाही.

फिल्टर दोन जातींचे आढळतात. एकात मधला बोल्ट सोडवून वाटी खाली येते आणि आतील कागदी एलिमेंट तेवढे बदलावयाचे असते. दुसऱ्यात संपूर्ण डबाच आटे फिरवून काढावयाचा असतो. पहिल्या जातीत वाटी डिझेलने धुवून घ्यावी, पाण्याने नव्हे. आणि जुनी रबरी रिंग डोक्याच्या खाचेत चिकटून राहिलेली नाही याची बोट फिरवून खात्री करावी, कारण जुन्या रिंगेवर नवी बसली, की कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचा हात लावून ती बसवावी. डब्याच्या जातीत हाताने फिरवून रिंग टेकल्यानंतर, डब्यावर निराळी सूचना नसेल तर, अर्धा ते पाऊण फेरा पुरे; पान्याने पिळून बसविलेला डबा पुढच्या वेळी निघता निघत नाही. नवा डबा बसविण्यापूर्वी तो डिझेलने भरून घ्यावा असे पुष्कळ मिस्त्री सांगतात. त्यात वेळ वाचतो हे खरे. परंतु मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळता सरळ पंपाकडे जाते, आणि कडेच्या भोकांतून ओतण्याइतका संयम घाईत राहत नाही, म्हणून मी या पद्धतीच्या विरुद्ध आहे. डिझेल हाताने पुढे ढकलण्याचा हातपंप गाडीत आहे तो त्यासाठीच.

येथून पुढचा भाग मळ्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. डिझेलच्या मार्गात हवा शिरली म्हणजे इंजिन निरुपाय होते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पंपाच्या दट्ट्याने दिलेला सारा जोर बुडबुडा आकुंचित करण्यातच खर्ची पडतो, आणि इंधन फवारणारे नॉझल उघडण्याइतका दाब तिथवर पोहोचत नाही. स्टार्टर फिरत राहतो, धुराड्यातून धूरदेखील येत नाही, आणि अनभिज्ञ मालक बॅटरी संपवून बसतो. इंजिनाने हवा धरली, असे म्हणून विहिरीवरचा शेतकरी शांतपणे पाना काढतो, आणि तेच मोटारमालकाने करावयाचे आहे. फिल्टरच्या डोक्यावर हवा काढण्याचा लहान स्क्रू असतो. तो एक-दोन फेरे सैल करून हातपंप दाबत राहावे. आधी नुसती हवा फुसफुसत येते, मग फेसाळ डिझेल, आणि शेवटी बुडबुड्याविना अखंड धार. ती धार वाहत असतानाच, पंपावरचा हात न काढता, स्क्रू आवळावा. हात आधी काढला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. पंपावरही असाच स्क्रू असल्यास तेथे हीच क्रिया करावी. एवढ्यानेही गाडी सुरू न झाली, तर यांत्रिक पंपाच्या गाडीत नॉझलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करून दुसऱ्या माणसाकडून स्टार्टर फिरवून घेण्याची रीत आहे. अशा वेळी नळीच्या तोंडापाशी हात किंवा चेहरा नेऊ नये, आणि स्टार्टर एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त न फिरविता मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.

पेट्रोलच्या गाडीचा मामला कृतीने सोपा आणि परिणामाने भयंकर आहे. कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत बोटभर लांबीचा प्लास्टिकचा फिल्टर रबरी नळीच्या मध्ये बसविलेला असतो. दोन चाप सैल करावयाचे, जुना काढावयाचा आणि नव्यावरील बाण इंजिनाच्या दिशेला येईल असा तो बसवावयाचा, इतकेच काम. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, आणि त्यांच्या नळीतील पेट्रोल वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाखाली असते. ज्यांचा फिल्टर बाहेर आहे अशा गाडीत आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, त्यानंतर बॅटरी सोडवावी, आणि मगच सांध्याभोवती फडके गुंडाळून तो हळूहळू उघडावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता अंगणातून, ओसरीवरून, उंबरठ्यावरून जमिनीलगत सरपटत जाते, आणि देवघरातील निरांजनाची किंवा चुलीची ज्योत गाठून तेथून पेट घेत मागे येते. सबब हे काम बंद पडवीत किंवा गॅरेजात कदापि करू नये, घरातील चूल, गॅस आणि दिवे विझविल्याची स्वतः जाऊन खात्री करावी, आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्याने ती विझत नाही, पसरते. कराडनजीकच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी असत आणि त्यांच्या उजेडात पुष्कळ कामे झाली, पण हे काम त्यांतले नव्हे. उजेड कमी वाटला तर ते दुसऱ्या दिवसावर टाकावे.

राहिल्या त्या गाड्या, ज्यांना हात लावू नये. आजकालच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाला जोडलेला असतो. तो काढण्यासाठी मागचे आसन उचलून टाकीचे तोंड उघडावे लागते, आणि राहत्या घरात उघड्या पेट्रोलच्या टाकीशी झुंजण्याचे धाडस मी कोणालाही सुचविणार नाही. दुसरा वर्ग कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व नॉझलांना एकाच सामाईक नळीतून दाबाखालील डिझेल पुरविणाऱ्या, डिझेल गाड्यांचा. ही पद्धती मोटारींत १९९७ पासून आली. रांजणगावच्या कारखान्यात बनून टाटा आणि फियाटच्या गाड्यांत गेलेले तेराशे सीसीचे इंजिन याच जातीचे. या पद्धतीत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार ते दोन हजार पटीपर्यंत जातो. त्यातील फिल्टर कमी दाबाच्या बाजूस असल्याने तो बदलणे तत्त्वतः शक्य आहे, आणि पुस्तिकेत कृती दिलेली असेल तर हुशार वाचकाने ती अक्षरशः पाळून करावी. परंतु जुन्या सवयीने नॉझलचा नट सैल करून हवा काढण्याचा प्रयत्न या इंजिनावर कोणी केला, तर सुटलेली बारीक धार कातडी भेदून हातात शिरते. अशी जखम दिसावयास टाचणीच्या टोकाएवढी आणि आरंभी जवळजवळ वेदनाहीन असते, पण आत शिरलेले डिझेल मांस कुजविते. अशा रोग्याला घरगुती मलमपट्टीत वेळ न दवडता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. मळ्यातले ज्ञान जेथे संपते, ती सीमा हीच.

काम संपल्यावर इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवावा. ओलावा दिसला तर इंजिन बंद करून रिंग पुन्हा बसवावी. काढलेला फिल्टर, परातीतले डिझेल आणि माखलेली फडकी गॅरेजवाल्याकडे पोचती करावीत. ती ओढ्यात किंवा परसात टाकल्यास झिरपत झिरपत विहिरीला जाऊन मिळतात, आणि औंधाच्या बाजूला विहीर नासणे परवडणारे नाही. फिल्टर बदलल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतील बाजूस चिकटवावी, आणि पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर सगळे सांधे पुन्हा एकदा पाहावेत. त्या वेळीही गळती आढळली, तर गाडी पुढे न नेता मिस्त्रीला जागेवर बोलवावे.